पियानो किंचित उतरलेला

दादाचं अक्षर कागद उलटा धरला तरी मी ओळखीन. शनिवारी दुपारी फुंकरच्या जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात, दाराजवळच्या खोक्यात, चौथ्या की पाचव्या रेकॉर्डच्या आतल्या पाकिटावर ते मला दिसलं. पेन्सिलीने लिहिलेलं, बारीक, उजवीकडे कललेलं: ‘१.४५ खट. ४.०२ दोनदा खट.’ एवढंच. माझी बोटं तिथेच थांबली. दुकान तळघरात आहे, दहा पायऱ्या उतरून जावं लागतं, वर रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात, आणि मला आठवतंय, त्या क्षणी मी त्या पायांकडेच बघत राहिलो. या शहरात जॅझ ऐकणारी माणसं दहा-बारा, त्यांत जुन्या काळ्या तबकड्या जमवणारी पाच-सहा, आणि त्यांत नवी रेकॉर्ड घरी आणली की घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसणारा एकच. कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला सुई कशावर अडखळते आणि खट असा आवाज येतो, ते आतल्या पाकिटावर लिहून ठेवायचं, ही माझ्या थोरल्या भावाची पद्धत. मी लहानपणी हसायचो. तो म्हणायचा, हसू नकोस बारक्या, या खटांवरूनच आपली रेकॉर्ड आपल्याला ओळखता येते, माणसाच्या अंगावरच्या तिळासारखी. मग मीही हसायचं सोडलं आणि त्याच्या शेजारी बसून खट मोजायला लागलो.

आता आमच्या या धंद्यात, धंदा कसला, खाज म्हणा, एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. एकाच माणसाचा माल एकगठ्ठा दुकानात आला की तो माणूस गेलेला असतो. जिवंतपणी कुणी विकत नाही. भाडं थकलं तर घड्याळ विकतील, पण हे नाही. मागच्या वर्षी एका वकिलाच्या सगळ्या सॅक्सोफोनच्या रेकॉर्डी आल्या तेव्हा आम्ही कुणी काही विचारलं नाही, दोन मिनिटं गप्प राहिलो आणि मग उड्या घातल्या. तर दादा गेला, असं माझ्या मनात आलं. काळजात धस्स झालं, खोटं का बोलू, खरंच झालं. पण ते धस्स पुरतं होऊन संपायच्या आत त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो मी इथे लिहितोय तो कुणाला मोठेपणा दाखवायला नाही. विचार असा होता: मग ते कव्हरही याच खोक्यात असणार.

ते कव्हर. निळसर करडं, वर एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर ट्रम्पेट. पाच जणांचा ताफा, छोटीशी कंपनी, तीही दोन वर्षांत बुडाली. दादाकडे पहिल्या छपाईची प्रत होती. कव्हर दादाकडे, आणि त्यातली तबकडी गेली अकरा वर्षं माझ्याकडे, एका कोऱ्या पांढऱ्या पाकिटात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, इस्त्रीच्या टेबलामागे. हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

पण हात सावरून पुढे चाळायला लागलो तर खोक्याच्या दुसऱ्या टोकाला दाताचा डॉक्टर उभा. हा आमच्यातला सगळ्यात चलाख. दोन बोटांनी रेकॉर्डी अशा भराभर पाडत जातो की वाटावं नुसता वारा घेतोय, पण नजर घारीची. तो मागून पुढे येत होता, मी पुढून मागे जात होतो. मधे असतील पन्नास-साठ. ‘कुणीतरी गेलेलं दिसतंय,’ तो मजेत म्हणाला, ‘पण माणूस चवीचा होता हो.’ मी हं म्हटलं. माझा भाऊ आहे तो, असं म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर डॉक्टर लाजून बाजूला झाला असता, खोकं माझं एकट्याचं झालं असतं. नाही म्हटलं. कारण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुमचा भाऊ गेला आणि तुम्हाला इथे कळतंय?

गेला असता तर वहिनीने कळवलं असतं. कळवलं असतंच. मी एकेक रेकॉर्ड पुढे ढकलत स्वतःला हेच सांगत होतो, आणि तेवढ्यात मला आठवलं की गेल्या महिन्यात वहिनीचे दोन फोन येऊन गेले होते आणि मी ते घेतले नव्हते. पहिल्यांदा मी एका जळालेल्या गोदामात होतो. दुसऱ्यांदा मी घरी होतो, हातात फोन होता, आणि तो वाजून वाजून थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो. आमचं भांडण नाही. लोकांना वाटतं भावाभावांत बोलणं नाही म्हणजे जमिनीवरून किंवा आईच्या दागिन्यांवरून. तसलं काही नाही. मी नुसता हळूहळू जाणं बंद केलं. आधी आठवड्याचं महिन्यावर नेलं, मग वर्षावर, आणि गेली दोन वर्षं तेही नाही. दादाने कधी का येत नाहीस म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान चिडता तरी आलं असतं.

मी विमा कंपनीत पाहणीचं काम करतो. कुणाचं दुकान जळलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, की मी जाऊन बघतो आणि माणूस खरं सांगतोय की थापा मारतोय ते ठरवतो. सव्वीस वर्षांत एक गोष्ट शिकलो, की खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो. खरं बोलणारा म्हणतो, माहीत नाही बुवा, झोपलो होतो, जाग आली तर सगळं पेटलेलं. खोटं बोलणारा किती वाजता कुठल्या खिडकीतून धूर आला ते सांगतो. आणि अकरा वर्षांपूर्वी, दादाने मला जेव्हा विचारलं की या रेकॉर्डवरचे खट कुठे गेले, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं: मी धुतली, दादा. कोमट पाण्यात, दोन थेंब साबण, मऊ सुती कापड, आतून बाहेर गोल गोल, दोनदा, मग उभी करून वाळवली. धूळ होती, गेली. दुसरा कुणी असता तर मी त्याचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळला असता.

झालं होतं ते असं. एका कामाच्या गावी मला त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मिळाली. नंतरची छपाई, कव्हर नाही, पण लेबल हुबेहूब तेच. घरी आणून लावली, आणि ती मेलेली निघाली. खरखर नव्हती, ओरखडा नव्हता, पण सगळा ताफा शेजारच्या खोलीत बसून वाजवतोय असं वाटायचं. तेव्हा दादाची प्रत आठवड्यासाठी माझ्याकडे ऐकायला होती. शेवटच्या दिवशी मी दोन्ही तबकड्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. कुणी बघितलं तरी फरक कळला नसता. मी माझी त्याच्या कव्हरात घातली. एवढंच केलं, पंचवीस-तीस सेकंदांचं काम. मागितली असती तर त्याने दिली असती. हसत दिली असती, वर आग्रह केला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि हेच मला आजतागायत गिळता आलेलं नाही.

खट गेले हे धुण्यावर खपलं. पण दादाचा धंदा पियानो जुळवण्याचा. शाळा, सभागृहं, मोठ्या घरच्या बायकांचे दिवाणखान्यातले पियानो, सगळीकडे त्याला बोलावणं यायचं. त्याच्या खिशात कायम नादकाटा असायचा, ती दोन दांड्यांची पोलादी चीज, गुडघ्यावर आपटली की एकच सूर देते आणि तो सूर कधी चुकत नाही. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. चेहरा कसनुसा. म्हणाला, बारक्या, पियानो किंचित उतरलेला वाटतोय. केसभर. काट्याने तपासला, खरंच खाली आहे. ही माझीच रेकॉर्ड ना? मला आठवतं, माझी बायको चहा टाकायला उठली होती आणि आम्ही दोघंच होतो. नंतरच्या छपाईच्या वेळी मूळ टेप जरा सावकाश फिरली असणार, हे मला समजलं होतं. तेव्हा हो, चुकून बदलली, असं म्हणून मी मोकळा झालो असतो, दोघं हसलो असतो. पण चोराच्या मनात चांदणं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, ‘दादा, तीच आहे. पियानो पहिल्यापासून उतरलेलाच होता. तुझ्या लक्षात आला नव्हता, इतकंच.’

त्याने काटा काढून बघितला, परत खिशात ठेवला. ज्या माणसाला परक्याच्या घरात शिरल्या शिरल्या कुठल्या खोलीतला पियानो किती उतरलाय ते कळायचं, त्याने चौदा वर्षं आपल्या सगळ्यात आवडत्या रेकॉर्डवरचा उतरलेला पियानो बरोबर समजून ऐकला, असं मी त्याला सांगितलं होतं. आणि त्याने ते मानलं. काटा खोटं बोलणार नाही, भाऊ खोटं बोलणार नाही, मग उरलं काय? कान. दीड-दोन वर्षांनी वहिनी बोलता बोलता म्हणाली की हे आता सभागृहांची कामं घेत नाहीत, एकच सूर पुन्हा पुन्हा तपासत बसतात, दुपार दुपार जाते, लोक वैतागतात. मग कळलं, धंदाच सोडला, शाळेच्या भांडारात लागलाय, मुलांना वह्या-पेन्सिली देतो. मी म्हटलं, बरं झालं, त्याचे गुडघे दुखतात, ओणवं बसून किती दिवस काढणार. गुडघे त्याचे खरंच दुखायचे. मी गुडघ्यांना धरून बसलो.

‘अरेच्चा,’ डॉक्टर म्हणाला. माझ्या आणि त्याच्या बोटांत आता दहा-बारा रेकॉर्डी उरल्या होत्या, आणि त्याच्या हातात रिकामी खुर्ची होती. त्याने तबकडी अर्धी बाहेर काढली, दिव्याकडे तिरकी धरली, लेबलालगत तबकडीवर कोरलेला बारीक आकडा वाचला, चेहरा पडला. ‘कव्हर पहिलं, माल दुसरा,’ तो म्हणाला. ‘कुणीतरी गंडवलंय बिचाऱ्याला.’ मग त्याने आतलं पाकीट काढलं आणि हसायला लागला. ‘हे बघा, माणूस वेडाच दिसतोय. सगळं चिताडून ठेवलंय. काय करायचंय हे घेऊन?’ आणि त्याने ते सगळं माझ्या हातात दिलं. मला मिळालं. धक्काबुक्की नाही, घासाघीस नाही.

वर दादाचं जुनं अक्षर होतं, दुसऱ्या बाजूच्या संथ गाण्याबद्दलचं: ‘२.१० खट. ५.३५ खट. ५.३८ खट.’ त्याखाली: ‘बारक्याने धुतली. खट गेले. पियानो किंचित उतरलेला.’ त्याखाली महिन्याभराने: ‘पुन्हा काट्याने पाहिलं. उतरलेलाच. आधी कसं कळलं नाही?’ आणि मग तारखा. दर वर्षी एक, कधी दोन. ‘आजही उतरलेला.’ ‘सर्दी नव्हती. उतरलेला.’ ‘सुई नवी घातली. तेच.’ ‘कानाचे डॉक्टर म्हणतात कान उत्तम.’ अक्षर हळूहळू मोठं होत गेलेलं, ओळी वाकड्या. शेवटची ओळ गेल्या महिन्यातली. वहिनीचे फोन आले होते त्या आठवड्यातली. ‘आता उतरलेला आहे की नाही तेही कळत नाही.’

मी गल्ल्याशी गेलो. दुकानदार प्रत्येक तबकडीवर फुंकर मारून मगच पिशवीत घालतो, फडक्याने पुसत नाही, म्हणून आम्ही त्याला फुंकर म्हणतो. त्याचा एक नियम आहे, माल कुणाचा ते तो सांगत नाही. मेला तरी सांगणार नाही. मी म्हटलं, नाव नको, फक्त एवढं सांगा, माणूस आहे ना? त्याने फुंकर मारली. पाकिटावरचं अक्षर बघितलं, मला बघितलं. आम्ही दोघं भाऊ पूर्वी इथे बरोबर येत होतो हे त्याला आठवत होतं की नाही, देव जाणे. म्हणाला, स्वतः घेऊन आला होता. गुडघे धरून दहा पायऱ्या उतरला, तीन खेपा केल्या. मी विचारलं, काही बोलला? ‘म्हणाला, ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ देत.’ मला हायसं वाटलं. आणि पुढच्याच पायरीवर, जिना चढताना, लक्षात आलं की तो गेला असता तर मी सुटलो असतो. ही गोष्ट मनात आली होती. ती मी नाकारत नाही.

घरी बायको खिडकीशी बसून पडद्याला शिवण घालत होती. तिने पिशवीतून डोकावणारं पाकीट बघितलं आणि सुई तशीच धरून म्हणाली, ‘दादांचं अक्षर.’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरे आहेत ना? मी म्हटलं, आहेत. मग मी इस्त्रीचं टेबल बाजूला सरकवलं, खालच्या खणातून पांढरं पाकीट काढलं आणि ती तबकडी यंत्रावर ठेवली. अकरा वर्षांत ती मी चारदा लावली असेल, तीही ही बाहेर गेलेली असताना, आवाज बारीक करून, कुणी जिन्यात तर नाही ना हे बघून. चोरून आणलेली चीज चोरूनच ऐकावी लागते, त्यात कसली मजा? बायकोने मला अकरा वर्षं दादाचं नाव निघालं की पंख्याकडे बघताना पाहिलंय. ती पडदा घेऊन आत जायला उठली, मग का कोण जाणे, परत बसली.

फोन वहिनीने उचलला. माझा आवाज ऐकून तिने, रागावायचा तिला पुरता हक्क असून, आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मी दादाला दे म्हटलं. ते फोनवर येत नाहीत, ती म्हणाली, नीट ऐकू येत नाही म्हणतात. डॉक्टर सांगून दमले की कान ठणठणीत आहेत, पण ऐकतील तर शपथ. तुला दोनदा फोन केला होता, रेकॉर्डी विकायला निघाले होते, म्हटलं तू तरी अडवशील. मी म्हटलं, वहिनी, मी बोलणार नाही, फक्त फोन त्याच्या कानाला लाव. पलीकडे पावलं गेली, काहीतरी सरकलं, दबलेली कुजबुज झाली. मग श्वास ऐकू आला. दादा श्वास नाकाने घेतो, घाईत असल्यासारखा. मी फोन मोठ्याने ऐकू येईल असा करून स्पीकरपुढे टेबलावर ठेवला आणि सुई संथ गाण्याच्या सुरुवातीला सोडली.

आधी नुसता बेस येतो. मग ब्रशने ड्रम. माझा हात यंत्राच्या कडेवर होता. पियानो शिरला. फोनमधला श्वास थांबला. एक मिनिट गेलं असेल, मी घड्याळ बघितलं नाही, मला बघायचं धाडस नव्हतं. ट्रम्पेट अजून यायचा होता.

‘आत्ता,’ दादा म्हणाला.

खट वाजला.

खिडकीशी बायकोने मान वर केली. पलीकडून अगदी साध्या आवाजात, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं तो म्हणाला, ‘पियानो बरोबर आहे.’ ‘कुठे होती ही?’ मी म्हटलं, माझ्याकडे. कधीपासून? मी म्हटलं, पहिल्यापासून. तपशील एकही दिला नाही. दादा, माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण ते इतकं थोटकं वाटलं की तसंच मिटलं.

‘नऊ वर्षं वह्या वाटल्या मी, बारक्या,’ दादा म्हणाला.

मी विचारलं, थांबवू का? नको, तो म्हणाला, अजून दोन आहेत. मग पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, एक, दुसरा, आणि त्याने वहिनीला विचारलं, माझा काटा कुठेय? वहिनीचा आवाज लांबून आला, की तुम्हीच नाही का देऊन टाकलात, त्या नव्या ट्यूनरला, तीन वर्षं झाली. खण तसाच उघडा राहिला असणार, बंद झाल्याचं मला ऐकू आलं नाही. ट्रम्पेट येऊन गेला होता, पियानो पुन्हा एकटा वाजवत होता, आणि मला वाटलं आता संपलं, आता हा पुन्हा कुणाला तरी विचारणार, मला विचारणार. तेवढ्यात दादाने तोंड मिटून एक सूर धरला. काट्याशिवाय, नुसता, मनातून काढून. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, जरा खरखरीत, पण सरळ. त्याने तो धरून ठेवला. आणि पियानोवाल्याचं बोट फिरत फिरत त्या सुरावर आलं, तेव्हा दोन्हींत केसाचं अंतर नव्हतं. मला सुरांतलं फारसं कळत नाही, पण ते मलाही कळलं. दुसरा खट झाला, तिसरा झाला, दादा आधी काही बोलला नाही. तो सूर सोडतच नव्हता. मागे वहिनी रडत होती.

श्वास संपला तेव्हा तो थांबला.

‘ऐकलंस?’ त्याने विचारलं.

‘ऐकलं, दादा.’

‘मग आता ठेव,’ तो म्हणाला, आणि माझी वाट न बघता त्यानेच फोन ठेवला. गाणं अजून चालू होतं. मला ते बंद करायचा धीर होईना, आणि ऐकवतही नव्हतं.